मुरलीभाऊंचे कान

कोणी महत्त्वाचं बोलायला लागलं की मुरलीभाऊ महाजन खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढत. त्यात घराची किल्ली होती, स्कूटरची होती आणि दोन्हींच्या मध्ये एक पितळी कानकोरणं होतं. ते हळूच उजव्या कानात घालून भाऊ डोळे मिटत, मान जराशी कलती करत आणि म्हणत, "हां, बोला. मी ऐकतोय." समोरच्याला वाटे, आपलं बोलणं नीट आत जावं म्हणून हा भला माणूस आधी रस्ता झाडून घेतोय. मग तो अधिकच पोटतिडकीनं बोले.

बुऱ्हाणपुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी माझं औषधांचं दुकान आहे आणि दुकानासमोर भाऊंचं घर. मूळचे खानदेशातले, नोकरी मात्र जन्मभर इकडच्या एका कागद कारखान्यात केली. निवृत्त झाल्यावर इथं घर बांधलं. कारखान्यात मशीन चालू असताना माणसाला माणसाचं काही ऐकू येत नाही. सगळा कारभार हातवाऱ्यांवर आणि माना हलवण्यावर चालतो. भाऊ तिथं सुपरवायझर होते, म्हणजे माना हलवण्यात त्यांची बढती झालेली होती. होकाराची मान, विचार करून होकाराची मान, 'तुमचं दुःख मला कळतं' अशी मान, 'तुम्ही म्हणता ते खरं पण आता जाऊ द्या' अशी मान. या सगळ्या माना ते निवृत्तीनंतर घरी घेऊन आले आणि त्या जोरावर समाजात पंच झाले.

पंच म्हणून त्यांचं नाव मोठं होतं. दापोऱ्याचे दोन भाऊ विहिरीच्या मोटरीवरून एकमेकांची डोकी फोडायला निघाले होते, ते भाऊंच्या ओसरीवर आले. थोरला म्हणाला, "भाऊ, यानं रातंदिस मोटर चालवली, माही केळी वाळली." धाकटा म्हणाला, "मले पाणी भेटतच नाही, याची केळी काय वाळते?" दोघं घटकाभर असे बोलत होते. भाऊ डोळे मिटून, कान कोरत बसले होते. शेवटी त्यांनी डोळे उघडले, कानकोरण्यावर निघालेला मळ धोतराच्या सोग्याला पुसला आणि म्हणाले, "पूरं ऐकलं. दोघांचंही बरोबर आहे. आता घरी जा आणि अर्धं-अर्धं करा." दोघं भाऊ समाधानानं गेले. जाताना माझ्या दुकानात डोकेदुखीची गोळी घेताना थोरला मला सांगत होता, "असं कोणी ऐकून घेत नाही हो आजकाल."

कोणत्याही भांडणात भाऊंचा निकाल हाच असे. 'पूरं ऐकलं' आणि 'अर्धं-अर्धं करा'. सासू-सुनेच्या भांडणातही त्यांनी अर्धं-अर्धं करायला सांगितलं होतं. काय अर्धं करायचं ते त्या दोघींना समजलं नाही, पण विचारायची हिंमत झाली नाही. समजलं नाही म्हणून तो निकाल त्यांना फार खोल वाटला.

कानाच्या बाबतीत मात्र भाऊंची मतं अर्धी नव्हती. "कान साफ तर माणूस साफ," असं ते रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर बसून सांगत. झोपताना लसूण टाकून कढवलेलं मोहरीचं तेल, आठवड्याला डाव्या कानाला काडेपेटीची काडी, उजव्याला कानकोरणं, प्रवासात स्कूटरची किल्ली आणि सणावाराला माझ्या दुकानातल्या कापसाच्या काड्या. एकदा मोबाइलवर कोणीतरी त्यांना कानात मेणबत्ती लावून मळ ओढून काढण्याचा व्हिडिओ पाठवला. भाऊंनी प्रयोग केला. मळ आला नाही, उजव्या बाजूचे केस मात्र गेले. त्यानंतर महिनाभर ते टोपी घालून निकाल देत होते.

मी त्यांना काड्यांच्या डब्यावरची सूचना वाचून दाखवली होती. "भाऊ, कंपनी स्वतःच म्हणते, कानाच्या आत घालू नका."

"मग काय नाकात घालू?" भाऊ म्हणाले. "सुभाष, तू दुकानदार आहेस. विकायचं काम कर. भ्यायचं काम कंपनी करते आहे."

त्या काड्या कानाशिवाय दुसऱ्या कशासाठी कोणी नेताना मी आजवर पाहिलेलं नाही.

भाऊंच्या पत्नी इंदुवहिनी दिवसभर बोलत. स्वयंपाकघरातून ओसरीवर, ओसरीवरून गच्चीवर. भाऊ त्याला 'हूं' म्हणत. लग्नापासून ते एकच 'हूं' पुरवून वापरत आले होते. त्यांची मुलगी सीमा कमी बोलायची. ती बँकेत नोकरीला होती. परीक्षेत दोनदा अपयश आल्यावरही ती पुन्हा बसली आणि पास झाली. त्या दिवशी तिनं माझ्या दुकानातच पेढे वाटले होते, कारण भाऊ घरात एका भांडणाचं ऐकत बसले होते.

त्या सीमाला जैनाबादचं स्थळ आलं. नदीपलीकडचं मातब्बर घर, केळीचा व्यापार, मुलगा शिकलेला. मुलाचे वडील देवरामजी आणि सगळी मंडळी बैठकीला येणार म्हणून भाऊ त्या दिवशी पहाटेच तापीवर स्नानाला गेले. शुभ दिवस म्हणून चांगल्या बुचकळ्या मारून आले. आता कानात वर्षानुवर्षं तेल मुरवून, काड्यांनी आत ठासून बसवलेला मळ होता. तो पाण्यानं फुगतो आणि बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसतो. हे सगळं आम्हाला नंतर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या सकाळी भाऊ फक्त एवढंच म्हणाले होते, "आज कसं शांत-शांत वाटतंय. नदीचा गुण."

बैठकीला मीही होतो. ओसरीवर कूलर घरघरत होता. चहा झाला, चिवडा झाला, मुलगी पाहून झाली. मग देवरामजींच्या पत्नींनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "एक गोष्ट आधीच साफ बोललेली बरी. आमच्या घरी सुनांना नोकरीची जरूरत नाही. लग्नानंतर बँक सोडावी लागेल. तुमची काही हरकत?"

भाऊंनी डोळे मिटले. 'विचार करून होकाराची' मान त्यांनी हलवली आणि म्हणाले, "अगदी बरोबर. आमच्याही मनात तेच होतं."

आतल्या दाराशी उभ्या असलेल्या सीमाचा चेहरा मला दिसला. वहिनींच्या हातातलं सुपारीचं तबक थोडं कललं. पण भाऊ बोलले होते आणि भाऊ बोलले की त्या घरात बोलणं संपत असे. सुपारी फुटली.

पुढच्या आठवड्यात भाऊ माझ्याकडे आले तेव्हा खुशीत होते. "सीमा किती समजूतदार झाली आहे बघ. लग्न ठरलं की मुलीच्या जातीला पोक्तपणा येतो. एक शब्द बोलत नाही. इंदूपण शांत आहे. घरात असं सुख मी कधी पाहिलं नव्हतं."

मी कपाटाकडे तोंड करून औषध शोधत होतो. तसाच पाठमोरा म्हणालो, "भाऊ, सीमा नोकरी सोडायला तयार आहे का खरंच?"

"नको, मोठंच पाकीट दे," भाऊ म्हणाले. "लहानात काड्या कमी येतात."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं मी पैसे मागतोय, म्हणून त्यांनी खिशात हात घातला. ओठ दिसू नयेत म्हणून मी तोंडावर हात धरून तोच प्रश्न पुन्हा विचारला. भाऊंनी 'तुमचं दुःख मला कळतं' अशी मान हलवली.

संध्याकाळी मी वहिनींना गाठून म्हटलं, "वहिनी, भाऊंना ऐकू येत नाही."

"त्यात नवीन काय," वहिनी म्हणाल्या.

"तसं नाही. खरंच ऐकू येत नाही."

वहिनी आत गेल्या, भाऊंच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि आयुष्यभर मनात ठेवलेली एक-दोन वाक्यं त्यांनी मोठ्यानं म्हणून पाहिली. भाऊ वर्तमानपत्र वाचत राहिले. वहिनी बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. "मला वाटायचं, ऐकून घेत नाहीत," एवढंच त्या बोलल्या.

भाऊ मान्य करायला तयार नव्हते. "लोकच हळू बोलतात. दिवस असे आले आहेत, मोठ्यानं बोलायला माणूस भितो," असा त्यांनी निकाल दिला. शेवटी कान ठणकायला लागला, तेव्हा मला घेऊन दवाखान्यात गेले. कानाच्या डॉक्टर सीमाच्याच वयाच्या होत्या.

"काका, कानात काय घालता?" त्यांनी भाऊंच्या समोर येऊन, मोठ्यानं विचारलं.

"काही नाही. फक्त काडी."

"आणखी?"

"आणि तेल. कधीमधी किल्ली. पण साफ धुऊन."

डॉक्टरीणबाईंनी एक बारीक दुर्बीण कानात घातली आणि पडद्यावर चित्र आलं. काळपट तपकिरी भिंत, तीत रुतलेला कापसाचा बोळा आणि काडीचं एक टोक. भाऊ स्वतःच्या कानाकडे टक लावून बघत राहिले. मळ नरम व्हायला थेंब दिले, ते घालून काही दिवसांनी परत बोलावलं आणि बारीक नळीच्या यंत्रानं दोन्ही कान उघडले. आधी एक बूच निघालं, मग दुसरं. भाऊ एकदम ताठ बसले. छताकडे पाहून म्हणाले, "हा पंखा एवढा आवाज करतो?"

"कानाच्या पडद्याला इजा नाही, नशीब समजा," डॉक्टर म्हणाल्या. "काका, कानातला मळ ही घाण नाही, ती कानाची राखण आहे. कान स्वतःच तो हळूहळू बाहेर टाकतो. आंघोळीनंतर बाहेरून टॉवेलनं पुसा, बस. आत काही घालू नका. दुखलं, दडे बसले, तर माझ्याकडे या."

भाऊंना हे फार लागलं. "मग मी जन्मभर काय करत होतो?"

"आत ढकलत होता."

परतताना स्कूटरवर ते माझ्यामागे बसून प्रत्येक आवाजाची चौकशी करत होते. हे काय वाजतंय, ते काय वाजतंय. पन्नास पावलांवर कोणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली तर ते दचकले. घरी पोचल्यावर स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. भाऊ उंबऱ्यात थांबले. वहिनी म्हणत होत्या, "आले असतील. आता काय, ऐकू आलं तरी ऐकणार थोडेच आहेत."

"आलो आहे," भाऊ म्हणाले. "आणि ऐकलं."

आत काहीतरी भांडं पडलं.

जेवताना त्यांच्या ध्यानात आलं की सीमा खरोखरच एक शब्दही बोलत नाहीये. त्यांनी वहिनींना विचारलं. वहिनींनी सांगितलं. काय विचारलं गेलं होतं आणि त्यांनी काय उत्तर दिलं होतं, ते सगळं सांगितलं. भाऊ हात धुऊन तसेच माझ्याकडे आले, मी बैठकीत होतो म्हणून. "मी असं म्हणालो, सुभाष?" मी हो म्हटलं. ते पायरीवर बसले. गिऱ्हाईक येत-जात होतं, त्यांना बाजूला सरकायचं भान नव्हतं. मग उठले आणि मला हाताला धरून घरी घेऊन गेले. "तू चल. माझ्यावर ती विश्वास ठेवणार नाही."

त्यांचा अंदाज बरोबर होता.

"सीमा, मला त्या दिवशी ऐकू आलं नव्हतं," भाऊ म्हणाले.

"कितना आसान है ना, बाबा," सीमा म्हणाली. "आता ऐकू आलं नव्हतं. मी नोकरीसाठी तीन वर्षं घासली, तुम्ही एका सेकंदात मान हलवून देऊन टाकली. आणि मला विचारलंसुद्धा नाही."

मी डॉक्टरचं सांगितलं, काड्यांच्या पाकिटाचं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. वहिनींनी मान डोलावली. पण सीमाचा राग गेला नाही, उलट वाढला. "म्हणजे मी इतके दिवस बोलत नव्हते, ते पण तुम्हाला समजलं नाही?"

भाऊंकडे एवढ्या माना होत्या, त्यातली एकही या प्रश्नाला चालण्यासारखी नव्हती. ते म्हणाले, "नाही समजलं. मला बरं वाटत होतं." आणि मग म्हणाले, "आता तू बोल. पहिल्यापासून. मी बसतो."

सीमा बोलली. नोकरीचं बोलली, मग परीक्षेचं, मग पेढ्यांचं, मग शाळेतलं. तिला चक्क भूगोलाच्या सरांबद्दल काहीतरी सांगायचं राहिलं होतं. बोलता बोलता मराठीचं हिंदी व्हायचं आणि रडू आलं की परत मराठी. भाऊ एकदाही 'पूरं ऐकलं' म्हणाले नाहीत. दोन-तीनदा मात्र मध्येच म्हणाले, "थांब, हे परत सांग." मी निघून आलो. माझं तिथं काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पूल ओलांडून जैनाबादला गेलो. देवरामजींच्या घरी पाहुणे बसलेले होते. भाऊंना बाजूला घेऊन बोलता आलं असतं, पण ते मधोमध बसले आणि म्हणाले, "माझी मुलगी नोकरी सोडणार नाही. ते तुम्हाला चालत असेल तर संबंध पुढं न्या, नाहीतर सुपारी परत घ्या."

"मुरलीभाऊ," देवरामजी म्हणाले, "तुम्ही पंच माणूस. शब्द फिरवता?"

"शब्द फिरवत नाही. तो शब्द मी ऐकलाच नव्हता. कानात मळ होता. मला ऐकू येत नव्हतं आणि मी मान हलवली."

कोणीतरी हसलं. देवरामजी माणूस वाईट नव्हता. त्यांनी आवाज खाली आणला. "अहो, हे चारचौघांत काय बोलता? जमत नसेल तर नसेल. आपण पत्रिका जुळत नाही असं सांगू. तुमचं नाव राहील, आमचंही राहील."

हे भाऊंना स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी ते कबूल केलं असतं तर बुऱ्हाणपुरात कोणाला काही समजलं नसतं आणि ओसरीवरची गर्दी तशीच राहिली असती. त्यांनी क्षणभर चपलांकडे पाहिलं. "पत्रिकेला कशाला बदनाम करता," ते म्हणाले. "कान माझे होते."

संबंध मोडला. नोकरी करणारी सून म्हटल्यावर देवरामजींच्या पत्नी 'विचार करू' म्हणाल्या, आणि असा विचार कोणी कधी करत नसतं.

बातमी आमच्या आधी पूल ओलांडून गावात पोचली. दुसऱ्या दिवसापासून जुनी प्रकरणं उकरली जाऊ लागली. ज्यांना निकाल सोयीचा वाटला होता ते म्हणत, आमच्या वेळी भाऊंना चांगलं ऐकू येत होतं. ज्यांना गैरसोयीचा वाटला होता ते म्हणत, बहिऱ्याचा निकाल आम्ही का मानायचा. माझ्या दुकानात गिऱ्हाइकं औषध घेता घेता विचारत, "काय हो, भाऊ नक्की कधीपासून बहिरे?" जणू त्या तारखेवर त्यांची इस्टेट अडून होती.

तरी काही लोक जुन्या सवयीनं ओसरीवर येत राहिले. पण आता भाऊ डोळे मिटत नसत. दोन्ही बाजूंचं ऐकत आणि मग प्रश्न विचारत. "तू मघाशी म्हणालास तू गावात नव्हतास, मग मोटर बंद केलेली तू पाहिलीस कशी?" माणसं चिडत. न्याय मागायला आलेल्या माणसाला प्रश्न विचारलेले खपत नाहीत. "भाऊ पहिले राहिले नाहीत," अशी कुजबुज सुरू झाली. "आधी ऐकून घ्यायचे. आता आपलंच चालवतात." वर्ष उलटायच्या आत ओसरी रिकामी झाली. समाजानं नवा पंच शोधला. तो समोरचा बोलत असताना मोबाइल बघतो आणि अधूनमधून मान हलवतो. सगळे त्याच्यावर खूश आहेत.

भाऊंना त्याचं फार वाईट वाटलं, हे मी पाहिलं आहे. संध्याकाळी ते स्वच्छ धोतर नेसून ओसरीवर बसायचे आणि कोणी येत नाही असं दिसलं की आत जायचे. आत वहिनी बोलतच असायच्या. हळूहळू ते बाहेर यायचेच बंद झाले. ओट्याजवळ पाट टाकून बसायचे. एकदा मला म्हणाले, "सुभाष, इंदू गमतीदार बोलते रे. लोकांच्या नकला काय करते. मला वाटायचं ती माझ्या नावानं ओरडतेय. ओरडतेच, पण मध्ये मध्ये फार मजेदार असतं."

सीमाची पुढं खंडव्याला बदली झाली. तिथं बँकेतल्याच एकाशी तिनं लग्न ठरवलं. त्या मुलाला भाऊंनी असे प्रश्न विचारले की तो घाम पुसत माझ्या दुकानात पाणी प्यायला आला होता.

मागच्या हिवाळ्यात भाऊ गेले. सकाळी चहा पिता पिता, वहिनी बोलत असताना. वहिनींना थोडा वेळ ते समजलंच नाही.

तेराव्यानंतर मी भेटायला गेलो तेव्हा घर अगदी गप्प होतं. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या आणि बोलत नव्हत्या. मी बसलो. मग त्या म्हणाल्या, "माणूस ऐकायला लागला आणि गेला. माझं अजून निम्मंसुद्धा सांगून झालं नव्हतं हो."

मी म्हटलं, "वहिनी, मी आहे ना. मला सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदरानं नाक पुसलं आणि त्या थोड्याशा हसल्या.

"तुम्हाला सांगून काय उपयोग, सुभाषभाऊ," त्या म्हणाल्या. "त्या सगळ्या त्यांच्याबद्दलच्याच तक्रारी होत्या."